११८ मिनिटं की ११३? नागपुरातल्या एका गुन्हेगारीपटाच्या डिस्कचं प्रकरण

पार्श्वभूमी

इतवारीच्या धान्यबाजारातल्या एका दिवाणजीचा खून होतो आणि बदलीची वाट पाहत बसलेल्या फौजदाराच्या गळ्यात तो तपास पडतो. एवढंच कथानक. चित्रपट मराठी, रंगीत, ३५ एमएमवर चित्रित केलेला, आवाज मोनो. १९९९ साली ‘यूए’ प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या वर्षी सी.पी. बेरार सर्किटमध्ये (विदर्भ आणि आसपासच्या चित्रपट वितरणाच्या क्षेत्रात) तीन प्रिंटवर तो लागला आणि दोन आठवड्यांत उतरला. मुंबई-पुण्यापर्यंत पोचलाच नाही. २००१ मध्ये त्याची दोन डिस्कची व्हीसीडी निघाली. त्यानंतर तो फक्त ज्यांनी पाहिला होता त्यांच्या बोलण्यात उरला. पाहणारे बहुतेक एकच तक्रार करत: ‘सगळं जमलंय, पण शेवटी आरोपी एकदम कबूल कसा होतो?’

ओळख पटू नये म्हणून चित्रपटाचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही.

नागपुरात चित्रपट मंडळ चालवणाऱ्या तिघांनी २०२३ च्या उन्हाळ्याआधी हा चित्रपट डिस्कवर आणायचं ठरवलं. बेत छोटा होता: काही ब्लू-रे, काही डीव्हीडी, सोबत दिग्दर्शकाची मुलाखत. एका उन्हाळ्यात उरकेल असं वाटलेलं काम पावणेदोन वर्षं चाललं. पैशांपायी झालेला उशीर त्यात थोडाच. बराचसा उशीर एका मोजमापापायी झाला. अर्ध्या दिवसाचं ते काम स्कॅनिंगच्या आधी व्हायला हवं होतं, झालं नंतर.

हाती काय होतं

निगेटिव्ह मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होती. प्रयोगशाळा बंद पडली आणि डब्यांचा माग लागला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारणा झाली, तिथेही प्रत नव्हती. उरल्या तीन गोष्टी.

पहिली, कॉटन मार्केटमागच्या एका वितरकाच्या गोदामात राहिलेली प्रिंट: दोन-दोन हजार फुटांची सहा रिळं, पत्र्याच्या डब्यांत. तेवीस उन्हाळे टिनाच्या छपराखाली काढलेले. चौथ्या रिळाचा डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तेच ॲसिड कुजणं आणखी वाढवतं, म्हणून घट्ट बंद डबा हा अशा फिल्मचा शत्रू. आम्लता दाखवणारी निळी पट्टी डब्यात ठेवली, ती दुसऱ्या दिवशी हिरवट झाली. पिवळी झाली नव्हती, म्हणजे वेळ होता, पण फार नाही. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं काढून हवेशीर डब्यात ठेवलं.

दुसरी, दिग्दर्शकांच्या धरमपेठेतल्या घरी बेटाकॅम एसपीच्या दोन मोठ्या कॅसेट. उपग्रह वाहिनीसाठी केलेल्या टेपची ही प्रत. नागपूरच्या कोरड्या हवेत टेपला सहसा बुरशी धरत नाही, पण हे कपाट कूलरच्या झोताला लागून होतं. एप्रिल ते जून, रोज रात्रभर ओली हवा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरे ठिपके दिसत होते. अशी टेप थेट यंत्रात घालायची नसते: बुरशी हेडवर चिकटते, टेप ओरखडते आणि पुढची चांगली टेपही खराब होते.

तिसरी, बाजारातली व्हीसीडी. ३५२ बाय २८८ चं चित्र. छापण्याच्या लायकीचं नाही, पण पाहून टिपणं काढायला पुरेसं.

यातून एक समज तयार झाला आणि पुढचा सगळा घोळ त्यातच झाला. व्हीसीडी भरते ११३ मिनिटं २३ सेकंद. दोन्ही बेटा टेप मिळून (५८:४० आणि ५४:४३) तेवढ्याच. प्रिंट भरली ११५ मिनिटं ३८ सेकंद. साहजिकच सगळ्यांनी धरलं की टीव्हीवाल्यांनी सव्वादोन मिनिटं कापली असणार आणि प्रिंट पूर्ण आहे. दिग्दर्शकही तेच म्हणाले.

स्कॅनिंग

नागपुरात ३५ एमएम स्कॅन करणारं कोणी मिळालं नाही, मुंबईला जावं लागलं. मे महिना होता. पार्सलच्या डब्यात रिळं टाकण्याऐवजी तिघांपैकी दोघं विदर्भ एक्स्प्रेसच्या एसी डब्यात डबे पायाशी घेऊन बसले, आणि ते शहाणपणाचंच ठरलं.

पहिला निर्णय स्कॅन 2के की 4के (रुंदीत साधारण दोन हजार ठिपके की चार हजार) हा होता, तो 2केच्या बाजूने लागला. निगेटिव्ह असती तर 4केला अर्थ होता. प्रदर्शनाची प्रिंट म्हणजे निगेटिव्हपासून दोन-तीन पिढ्या दूर. 4के स्कॅनने त्यातले ओरखडे जास्त बारकाईने दिसले असते, चेहरे नाही. शिवाय 2केची एक १०-बिट डीपीएक्स (न दाबलेल्या चित्रफाइलची) फ्रेम साधारण १२.७५ मेगाबाइटची, म्हणजे १,६६,५०० फ्रेमना २.१ टेराबाइट. 4केला त्याच्या चौपट. त्याच्या तीन प्रती सांभाळायच्या म्हटल्यावर गणित सोपं झालं.

दुसरा निर्णय वेट गेटचा. फिल्मवर द्रवाचा थर देऊन स्कॅन केलं की पाठीच्या बाजूचे ओरखडे त्या द्रवाने भरून निघतात आणि दिसत नाहीत. पण इमल्शनच्या बाजूचे जात नाहीत, कारण तिथला रंगच खरवडून गेलेला असतो. रंगीत प्रिंटमध्ये सर्वांत वरचा थर मॅजेंटाचा; तो निघाला की हिरवी रेघ उमटते, त्याखालचा निघाला की पिवळी, सगळंच गेलं की पांढरी. या प्रिंटमध्ये दुसऱ्या रिळात नऊ मिनिटं फौजदाराच्या डाव्या गालावरून एक हिरवी रेघ वाहत होती. ती फ्रेमफ्रेमने हाताने काढावी लागली. रेघ काढणारं स्वयंचलित साधन पावसाच्या प्रसंगात लावलं, तर त्याने पाऊसच पुसून टाकला.

स्कॅन झाला, पहिल्या तीन रिळांची रंगदुरुस्ती झाली, त्याचे पैसे देऊन झाले. आणि मग उपशीर्षकं करणाऱ्या मुलीचा फोन आला.

अडचण कशी सापडली

तिने संवादांची यादी आणि वेळा व्हीसीडीवरून काढून ठेवल्या होत्या; स्कॅन आला की त्या सरकवून बसवायच्या असा बेत. पण वेळा बसेनात. दहा मिनिटांवरचा संवाद स्कॅनमध्ये जवळपास १०:२५ ला येत होता, विसाव्या मिनिटाचा २०:५० च्या आसपास. दर मिनिटाला अडीच सेकंदांनी मागे पडत होता, आणि अगदी सरळ रेषेत.

इथे तिने जे ओळखलं ते बाकी तिघांनी आधीच ओळखायला हवं होतं. मधला तुकडा गेला असेल तर फरक एका जागी उडी मारतो. फरक हळूहळू, सारखा वाढत गेला तर तो वेगाचा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीचा टीव्ही २५ नी. जुन्या टेलिसिनेत फिल्म सरळ २५ ने पळवून टेपवर घेत. चित्रपट चार टक्के घाईत संपतो, आवाज अर्ध्या स्वराहूनही थोडा कमी चढतो आणि कोणाला कळतही नाही. म्हणजे टेपवरची ११३:२३ ही वेळ मुळात खरी नव्हतीच. तिला २५ ने गुणून २४ ने भागलं की येतात ११८ मिनिटं ७ सेकंद.

कापलेली टेप नव्हती, कापलेली प्रिंट होती.

खात्री करायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र पुरेसं होतं. ते पहिल्या दिवसापासून फायलीत होतं, पण त्यातला मीटरचा आकडा कोणी वाचला नव्हता. प्रमाणपत्रावर लांबी ३,२४० मीटर. ३५ एमएम फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर सरकते. ३,२४० ला त्याने भागलं की बरोबर ११८ मिनिटं ७ सेकंद. मग प्रिंट रिवाइंडिंग टेबलावर घेऊन, पुढची-मागची कोरी पट्टी वगळून, मीटरवर मोजली: ३,१७२. कमी पडले ६८ मीटर, म्हणजे दोन मिनिटं २९ सेकंद.

यातले १९ मीटर रिळांच्या टोकांना गेलेले. हे नेहमीचंच: रीळ चढवता-उतरवताना टोकं फाटतात, ऑपरेटर फाटकं कापून जोड देतो, आणि तीन थिएटरं फिरलेल्या प्रिंटचं प्रत्येक टोक थोडं थोडं झिजतं. असा जोड कानालाही कळतो. प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्राच्या २१ फ्रेम पुढे छापलेली असते, त्यामुळे चित्राने उडी मारली की सेकंदाच्या आतच आवाज ‘टक्’ करून तुटतो.

उरलेले ४९ मीटर मात्र एकाच जागचे, चौथ्या रिळाच्या मधोमध. तिथला जोड चिकटपट्टीचा नव्हता, सिमेंटचा (फिल्म विरघळवून चिकटवणाऱ्या द्रवाचा) होता, अगदी फ्रेमच्या रेषेवर. फाटलं म्हणून नव्हे, कोणीतरी ठरवून काढलेला एक मिनिट ४७ सेकंदांचा प्रसंग. टेपवर तो सापडला. आरोपीची आई पोलीस ठाण्यात डबा घेऊन येते. हवालदार डबा उघडून पाहतो, भाकर मोडून पाहतो आणि आत पाठवतो. आरोपी जेवत नाही, डब्यावर कोरलेल्या नावावरून बोट फिरवत बसतो. पुढच्याच प्रसंगात तो कबुली देतो.

नागपूरकरांनी ज्या प्रिंटवर हा चित्रपट पाहिला त्यात हा प्रसंग नव्हता. खेळाची वेळ जमवायला थिएटरवर काढला की वितरकाकडे, हे आता कळायला मार्ग नाही. दिग्दर्शकांना विचारलं तर ते म्हणाले, “तो बहुतेक आम्हीच काढला असेल, लांबत होता म्हणून.” प्रमाणपत्रावरचे मीटर मात्र तसं सांगत नव्हते. माणसाच्या आठवणीपेक्षा कागदावरचा आकडा धरायचा, हा या प्रकरणातला एक कळीचा निर्णय, आणि तो दिग्दर्शकांनीही मान्य केला.

पर्याय

तीन वाटा होत्या. पहिली, प्रिंटच पूर्ण मानून तशीच काढायची; स्वच्छ, एकसारखं चित्र, पण खोटा चित्रपट. दुसरी, दुसरी प्रिंट किंवा निगेटिव्ह सापडेपर्यंत थांबायचं. चौथ्या रिळाचा वास पाहता ते परवडणारं नव्हतं, आणि दिग्दर्शकांचं वयही सत्तरीच्या पुढे. तिसरी, गेलेला भाग टेपवरून घ्यायचा आणि तिथे चित्राचा दर्जा पडलेला उघड दिसू द्यायचा.

तिसरी निवडली. चौथी वाट दिग्दर्शकांनी मधेच सुचवली: आता हात लागलाच आहे तर निर्मात्यांच्या आग्रहाखातर घातलेलं गाणंही काढून टाकू. त्यावर गटाने नम्रपणे नकार दिला. प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात भर किंवा कपात केली तर ती सेन्सॉर मंडळाकडे नोंदवावी लागते, हे एक कारण. दुसरं अधिक महत्त्वाचं: गाणं काढलेला चित्रपट हा २००० सालचा चित्रपट उरत नाही. गाणं राहिलं, त्यावरचा दिग्दर्शकांचा राग मुलाखतीत आला आणि तो गाण्यापेक्षा चांगला वठला.

टेपवरचं काम

बुरशी आधी कोरड्याने, मग टेप साफ करायच्या यंत्रावर मऊ कापडी पट्टीवरून काढली. टेप एकदाच वाजवायची असं धरून पहिल्याच वेळी १०-बिट असंपीडित पकडली. दोन्ही मिळून १८८ गिगाबाइट. एक गोष्ट सुदैवाची: पाल टेलिसिनेत फिल्मची प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये (एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांत) जशीच्या तशी येते, मधे उसनी फ्रेम घातलेली नसते. दोन फील्ड जोडले, वेग २५ वरून २४ वर आणला की फिल्मच्या मूळ फ्रेम एकास एक परत मिळतात आणि चढलेला सूरही आपोआप उतरतो.

टेपचं चित्र टीव्हीच्या चौकोनी आकाराचं, तरी बाजू कापलेल्या नव्हत्या. कॅमेऱ्याने पूर्ण चौकट चित्रित केली होती आणि थिएटरात वरखाली झाकून १.८५ चा (उंचीच्या १.८५ पट रुंद) पडदा भरत होता. टेपवर झाकण काढलेलं. डबा उघडण्याच्या प्रसंगात वरून माइक लोंबताना दिसतो तो त्यामुळेच. वरखाली कापून योग्य आकार केला तेव्हा माइक गेला, पण हाती उरल्या ५७६ पैकी ४१५ रेषा. ब्लू-रेवर त्या १,०३८ रेषांत ताणायच्या, म्हणजे अडीचपट.

इथे एक चूक होता होता राहिली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने हा प्रसंग मोठा करून पाहिला. पहिल्या नजरेत सगळे खूश झाले. मग कोणीतरी चित्र थांबवलं. आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या, ती मुलापेक्षा लहान दिसत होती. आणि स्टीलच्या डब्यावर टिकल्या-टिकल्यांनी कोरलेल्या नावाची, ज्यावर सगळा प्रसंग उभा आहे, कुठल्याच लिपीत नसलेली नक्षी झाली होती. ते फेकून दिलं. साधा ताण दिला, प्रिंटच्या जवळ जाईल इतका थोडा दाणा (फिल्मच्या चित्रात दिसणारे बारीक कण) वरून घातला, बस. सुरुवातीला दोन ओळींची पाटी आली: मूळ प्रिंटमध्ये नसलेले भाग टेपवरून घेतले आहेत, तिथे चित्र वेगळं दिसेल. टोकांचे तुकडेही टेपवरून भरले. एक-दोनच फ्रेम गेल्या होत्या तिथे हात लावला नाही.

आवाजाचं उलटं झालं. टेपवरचा आवाज मूळ मॅग्नेटिक मिश्रणावरून घेतलेला, प्रिंटच्या खरखरत्या ऑप्टिकल पट्टीपेक्षा कितीतरी मोकळा. म्हणून सगळ्या चित्रपटाला टेपचाच आवाज लावला. पण वाहिनीने सतरा ठिकाणी शिव्या गिळल्या होत्या. त्या सतरा जागी प्रिंटचा आवाज आणून बसवला. कान लावून ऐकलं तर नेमकी शिवीच जरा घोगरी लागते. ते तसंच चालवून घेतलं.

कागद

ही बाजू चित्रापेक्षा कमी रंजक, म्हणून थोडक्यात. २००१ च्या व्हीसीडी करारात मुदतच लिहिलेली नव्हती. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरतात, म्हणजे ते हक्क २००६ मध्येच निर्माता संस्थेकडे परत आलेले. संस्था तीन भागीदारांची; एक वारलेले, त्यांच्या पत्नी अमरावतीला. या चित्रपटात घर गहाण पडलं होतं, त्यामुळे काकू आधी बोलायलाच तयार नव्हत्या. दुसऱ्या खेपेला सही द्यायला राजी झाल्या, पण एका अटीवर: “माहा पत्ता कव्हरवर छापू नका, बापा. घेणेकरी अजून जित्ते आहेत.”

अट साधी वाटते, पण कायदा आडवा येतो. कलम ५२अ प्रमाणे व्हिडिओ प्रतीच्या वेष्टनावर आणि चित्रात कॉपीराइटधारकाचं नाव-पत्ता, प्रत काढणाऱ्याचं नाव-पत्ता व परवानगी घेतल्याचं निवेदन, आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत द्यावी लागते. वकिलांनी सुचवलेला तोडगा नेमका होता: नुसता परवाना न घेता डिस्कपुरते हक्क सात वर्षांसाठी लेखी हस्तांतरित करून घ्यायचे. तेवढ्या हक्कांपुरता घेणारा हाच मालक मानला जातो. कव्हरवर सीताबर्डीच्या कार्यालयाचा पत्ता आला, काकूंचा नाही. करारात ‘ब्लू-रे, डीव्हीडी’ अशी माध्यमं नावानिशी लिहिली, कारण कोणते हक्क दिले ते करारात नेमकं लिहावं लागतं.

डिस्क हे व्हिडिओ माध्यम असल्याने त्याच्या प्रमाणपत्रासाठी सेन्सॉर मंडळाकडे वेगळा अर्ज केला, त्यातही वेळ गेला. पण खरी खीळ पानठेल्यावरच्या रेडिओने घातली. दोन खबऱ्यांच्या बोलण्यामागे एका हिंदी चित्रपटाचं गाणं अडतीस सेकंद वाजतं. २००० साली कोणी विचारलं नव्हतं. चौकटीत ओझरत्या येणाऱ्या चित्र-शिल्पांना कायद्यात सूट आहे, संगीताला ती नाही. मोनो मिश्रणात संवाद आणि गाणं वेगळं काढता येत नाही; सॉफ्टवेअरने वेगळं केलं तर संवाद पाण्याखालून आल्यासारखे झाले. नटाकडून पुन्हा डबिंग करून पाहिलं, पण पंचवीस वर्षांत त्याचा आवाज बापाचा झालेला. शेवटी संगीत कंपनीचा परवानाच घ्यावा लागला. पहिल्या पत्रात ‘गाण्याच्या हक्कांचे किती’ एवढंच विचारलं होतं. चार महिने उत्तर नाही. दुसऱ्या पत्रात अडतीस सेकंद, संवादाखाली, मोनो, फक्त डिस्क, हजार प्रतींच्या आत, असं लिहिलं. तीन आठवड्यांत आकडा आला आणि तो झेपणारा होता.

‘मले’ की ‘मला’

चित्रपटातली माणसं अस्सल नागपुरी बोलतात. मराठी उपशीर्षकांच्या पहिल्या खर्ड्यात ‘मले काई मालूम नाई, सायेब’ याचं ‘मला काही माहीत नाही, साहेब’ झालं होतं. हेतू चांगला: ऐकू न येणाऱ्या वाचकाला सोपं जावं. दिग्दर्शकांनी वाचून परत पाठवलं: “हा माणूस असा बोलला असता तर फौजदाराने त्याला खुर्ची दिली असती.” तेव्हा मराठी पट्टीत बोली तशीच ठेवली, आणि इंग्रजीत ती आणायचा अट्टहास सोडला.

तांत्रिक बाब वेगळी. ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्हींवर उपशीर्षकं मजकूर म्हणून नव्हे, चित्र म्हणून जातात. ही चित्रं बनवणारं साधन देवनागरीची जोडणी जाणत नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते, ‘ऱ्या’तला अर्धा र सुटा होतो. पहिल्या चाचणीत ‘वाऱ्यावर’ आणि ‘निघून’ दोन्ही मोडले. साधन बदललं. सोळाशेच्या वर उपशीर्षकं एका माणसाने डोळ्यांनी तपासली. याला पर्याय नाही.

डिस्क

छापील ब्लू-रेला एएसीएस (नक्कल रोखणारं) संरक्षण सक्तीचं, त्याचं शुल्क वेगळं, आणि कारखाना हजाराच्या खाली हात लावेना. म्हणून ब्लू-रे दोनशे, बीडी-आर वर (एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या ब्लू-रेवर) लिहिलेल्या. त्यातही सेंद्रिय रंगाच्या स्वस्त डिस्क टाळून असेंद्रिय थराच्या घेतल्या, चारच्या वेगाने लिहिल्या आणि प्रत्येक लिहिल्यावर पडताळली. २५ जीबीच्या डिस्कवर चित्रपट सेकंदाला २४ मेगाबिटने बसला, पंधरा मिनिटांच्या मुलाखतीला जागा उरली. काही जुने प्लेअर बीडी-आर वाचत नाहीत, हे कव्हरवर मागे ठळक लिहिलं. डीव्हीडी पाचशे, ८.५ जीबीच्या, छापील. ४.७ जीबीत साडेपाच मेगाबिट मिळाले असते, पण गल्लीतल्या रात्रीच्या प्रसंगांत प्रिंटचा दाणा चौकोन चौकोन होऊन फुटत होता.

निष्पत्ती

ब्लू-रे आधी संपल्या, बहुतेक विदर्भाबाहेर गेल्या. डीव्हीडी अजून आहेत. प्रिंट पुण्याच्या संग्रहालयात जमा केली, चौथं रीळ वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी लावून. चित्रपट मंडळाच्या खेळाला नागपुरात पूर्ण चित्रपट दाखवला तेव्हा शेवटच्या कबुलीबद्दल कोणी प्रश्न विचारला नाही.

तक्रारी आल्या त्या भलत्याच. डीव्हीडी पाल पद्धतीची, म्हणजे पुन्हा २५ फ्रेमची. ज्या सापळ्यातून वर्षभराने बाहेर पडले त्याच सापळ्यात कव्हर छापताना गट परत पडला: दोन्ही कव्हरांवर ‘११८ मिनिटं’. प्लेअरवर ११३ दिसल्यावर विकत घेणाऱ्यांनी कळवलं की पाच मिनिटं कापून विकताय.

काय वेगळं करता आलं असतं

प्रिंट हाती आली त्या दिवशी रिवाइंडिंग टेबल, मीटर आणि प्रमाणपत्र एकत्र आणायला हवं होतं. सहा रिळांना अर्धा दिवस लागतो. तसं झालं असतं तर रंगदुरुस्ती टेपचे तुकडे समोर ठेवून एकदाच झाली असती. प्रत्यक्षात पहिली तीन रिळं दोनदा करावी लागली.

कुठल्याही टेपची किंवा व्हीसीडीची लांबी टिपताना शेजारी फ्रेमचा वेग लिहायचा. नुसत्या मिनिटांना अर्थ नाही.

गाण्याचा परवाना सर्वांत आधी मागायला हवा होता. तो नाकारला गेला असता तर बाकीचा खर्च वाया होता. आणि भागीदारांना भेटायला पहिल्या खेपेला कराराचा मसुदा घेऊन जाणं ही चूक होती. काकूंनी मसुदा पाहिला आणि दार लावलं. दुसऱ्या खेपेला दिग्दर्शक स्वतः गेले, नुसते.

डीव्हीडी एनटीएससी या अमेरिकी पद्धतीने केली असती तर चित्रपट मूळ वेगाने, पूर्ण ११८ मिनिटं चालला असता. रेषा ५७६ ऐवजी ४८० मिळाल्या असत्या. हा सौदा मोजूनमापून व्हायला हवा होता, तो कोणाच्या ध्यानातच आला नाही. उरलेल्या डीव्हीडींत आता हाताने घातलेली एक चिठ्ठी असते: ‘या डिस्कवर चित्रपट ११३ मिनिटांत संपतो. काहीही कापलेलं नाही. टीव्हीच्या वेगामुळे तो चार टक्के घाईत आहे.’